कुंदाताई आणि पश्चिमेची भिंत

कुंदाताई कुणाच्याही घरी गेल्या, की बसण्याआधी एखाद्या भिंतीपाशी जायच्या आणि तिला हाताची मागची बाजू लावून उभ्या राहायच्या. आई तापलेल्या मुलाच्या गळ्याला लावते तशी. ओल कळते, म्हणायच्या. मग बोट वाकवून दोनदा ठोकायच्या. ठोकण्याआधी खोलीत जे कुणी असतील त्यांना फर्मान सुटायचं, "श्वास रोखा!"

आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या मोठ्या हॉस्पिटलात निवृत्त होईपर्यंत त्यांनी एक्स-रे काढले. श्वास घ्या, रोखा, सोडा. हे तीन शब्द आयरिश माणसांना इंग्रजीतून इतकी वर्षं सांगितले, की ते जिभेवरच राहिले. घरात त्या मराठीतून सांगायच्या आणि नेमका तिसरा विसरायच्या. भिंतीचा आवाज ऐकण्यात अशा गुंतायच्या, की समोरची माणसं गाल फुगवून उभी आहेत हे ध्यानातच यायचं नाही. माझी नात ईरा तेव्हा सहा वर्षांची. ती लालबुंद व्हायची आणि न राहवून विचारायची, "कुंदाआजी, कॅन आय ब्रीद नाऊ?"

"घे गं बाई, घे! मी कुठे नको म्हणाले?"

यंदाच्या गणपतीत, इथल्या मराठी मंडळींच्या जेवणात, कुणीतरी त्यांचा विषय काढला. 'उलथन्याने घर पाडणारी बाई' असा. नव्याने आलेल्या मुलांना किस्सा माहीत नव्हता, म्हणून तो पहिल्यापासून रंगवून सांगितला गेला. सगळे हसले. मीही हसलो. कुंदाताई एप्रिलमध्ये गेल्या. त्यांच्या बाजूने बोलू शकेल असा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि तो मोदकावर तूप वाढून घेत होता. म्हणून हे लिहितो आहे.

बॉइन नदी समुद्राला मिळते त्या अंगाला, ड्रोहेडापासून गाडीने जवळच, त्यांचं घर होतं. त्या टापूत जुनी घरं करड्या दगडाची. हे एकटं लाल विटांचं. दोनेकशे वर्षांपूर्वी कुणा इंग्रज गिरणीवाल्याने बांधलेलं. त्याला इथला दगड आवडेना, थडग्यात राहिल्यासारखं वाटे म्हणे. त्याची जहाजं धान्य घेऊन इंग्लंडला जायची आणि परतताना तळाशी वजन हवं म्हणून विटा भरून आणायची. त्याच विटांतून हे घर उभं राहिलं. कुंदाताईंचा नवरा डेक्लन. त्याच्या आजोबांनी ते विकत घेतलं त्याला जमाना झाला, तरी गावातले लोक अजून त्याला 'इंग्रजाचं घर'च म्हणत.

मी आयुष्यभर पुण्यात इमारती बांधल्या. खांब, तुळया, सळ्या आणि सिमेंट. वीट म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा बुजवायची वस्तू, एवढाच माझा तिच्याशी संबंध. त्यामुळे ते घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फाटकातच थबकलो. प्रत्येक थरात एक वीट लांब, एक आखूड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. आणि वरच्या थरातली आखूड वीट बरोबर खालच्या लांब विटेच्या मध्यावर. आखूड विटांची तोंडं भट्टीत जास्त भाजून निळसर काळी पडलेली, त्यामुळे सबंध भिंतीवर शंकरपाळ्यांची नक्षी उमटली होती. खिडक्यांवरच्या कमानींतल्या विटा घासून पाचरीसारख्या केलेल्या, दोन विटांमधली दरज दोऱ्याएवढी बारीक. पश्चिमेची भिंत आढ्यापर्यंत तिकोनी चढत गेलेली, आणि तिच्या टोकावर चार तोंडांचं धुराडं, एखाद्या न्हाणीघराएवढं.

"सुंदर आहे ना?" मागून मराठीत आवाज आला. "मला तिची फार भीती वाटते."

वळून पाहिलं तर पावसाळी जाकिटात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई, हातात कोथिंबिरीची कुंडी. ही आमची पहिली भेट.

माझा मुलगा केदार डब्लिनला सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याला घर मिळत नव्हतं. एक जागा बघायला जावं तर बघणाऱ्यांची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत. शेवटी कुणाच्या तरी ओळखीने कुंदाताईंनी आपल्या घराचा पश्चिमेकडचा अर्धा भाग त्याला दिला. केदार, सूनबाई ऋता, ईरा आणि मी तिथे राहायला गेलो. धुराड्याच्या खालची मोठी, उजेडाची खोली ईराची झाली. किल्ली देताना कुंदाताईंनी एकच अट घातली. "पश्चिमेचा वारा असला की पोरीला माझ्याकडे स्वयंपाकघरात पाठवायचं." ऋताला वाटलं, म्हातारीला सोबत हवी आहे.

एरवी त्या भित्र्या मुळीच नव्हत्या. पंचाहत्तरी उलटल्यावरही रेडिओ मोठ्याने लावून मोटरवेवर गाडी हाणायच्या. शेजारच्या शेतातला बैल एकदा अंगणात शिरला तेव्हा त्याला ओलं पोतं दाखवून बाहेर काढलं. भीती फक्त विटेची. त्यांच्याकडे सोफा, टेबल, पलंग, सगळं खोलीच्या मध्यभागी. भिंतीला लागून काही नाही. मी एकदा बोलता बोलता भिंतीला टेकलो.

"टेकू नका, अभ्यंकर. तिलाच आता कुणाचा तरी आधार हवाय."

"अहो, दोनशे वर्षं उभी आहे ती!"

"म्हणूनच म्हणते. दमली असेल."

डेक्लन असताना, एका हिवाळ्यात, धुराड्यातून एक वीट निसटून थेट शेकोटीत पडली आणि घरंगळत त्याच्या पायाशी येऊन थांबली. त्याने पायाने ती जरा बाजूला केली, 'इट'ल बी ग्रँड', होईल ठीक, म्हणाला आणि पेपर वाचत राहिला. पुढे तो आजारपणाने गेला, विटेने नव्हे. पण कुंदाताईंनी ती वीट जपून ठेवली होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्या प्रेसमध्ये, कपबशांच्या मागे. विटेच्या एका अंगाला ती ओली असताना उचलणाऱ्या कुणाची तरी तीन बोटं उमटलेली होती. कुंदाताई त्या खळग्यांत आपली बोटं घालून दाखवायच्या. बरोबर बसायची. "लहान हाताचा होता बिचारा," म्हणायच्या.

पश्चिमेच्या भिंतीचं गुपित त्यांनीच मला दाखवलं. आम्हाला श्वास रोखायला लावून त्यांनी ती आतून ठोकली, मग अंगणात नेऊन बाहेरून ठोकली. बाहेरचा आवाज बसका, रिकामा होता. आखूड विटा खरं तर आतवर गेलेल्या हव्यात, म्हणजे बाहेरचा थर आतल्या भिंतीशी बांधला जातो. त्या गिरणीवाल्याच्या गवंड्याने विटा वाचवायला त्या मधोमध तोडून नुसती तोंडं लावली होती.

"बाहेरून वाटतं, आतल्याचा हात धरलाय," कुंदाताई म्हणाल्या. "पण हा हात मनगटापाशी तोडलेला आहे."

त्या दिवशी ढगांनी दुपारी चारलाच अंधारून आलं होतं. मी हसलो खरा, पण आत जाताना त्या भिंतीपासून जरा लांबून गेलो.

पहिल्या शरद ऋतूत दरजांमधून वाळू झरू लागली. जुना चुना संपला होता. दरजा पुन्हा चुन्यानेच भरायच्या असा कुंदाताईंचा हट्ट. "विटेला घाम येतो, अभ्यंकर. तो चुन्यातून बाहेर जातो." चुन्याचं काम जाणणारा गवंडी मात्र पुढच्या उन्हाळ्याशिवाय मोकळा नव्हता. तेव्हा त्या केदारला म्हणाल्या, "तोवर ती खोली बंद करूया. खरं सांगायचं तर तोवर तुम्ही दुसरीकडे जागा बघावी."

केदारने ऋताकडे पाहिलं. ऋता ओट्यापाशी पाठमोरी उभी राहिली. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुठेही नाही.

"सिमेंटने भरून घेऊ," मी म्हणालो. "आठवड्यात काम होईल. चुना काय घेऊन बसलात? मी पुण्यात अख्ख्या वसाहती उभ्या केल्यात."

ते मी ज्या आवाजात म्हणालो, त्या आवाजाला साइटवर कुणी उलट उत्तर देत नसे. कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ऋताच्या पाठीकडे. "तुम्ही इंजिनिअर," त्या हळू म्हणाल्या. "मी आपली फोटो काढणारी बाई."

मारेक नावाचा पोलिश कारागीर आला. परांचीवर चढण्याआधी तोही विटेवर बोट ठेवून म्हणाला, "ओल्ड ब्रिक. लाइम." म्हणजे चुना. मी त्याला म्हटलं, मजबूत पाहिजे. धुराड्याच्या टोकापासून पायापर्यंत त्याने दरजा सिमेंटने भरल्या. लाल भिंतीवर त्या करड्या रेघा ऑपरेशनच्या टाक्यांसारख्या दिसत.

त्या हिवाळ्यात वाळूचा कणही पडला नाही. मी येता-जाता कुंदाताईंना चिडवायचो, "काय म्हणतेय तुमची पेशंट?" ईराच्या खोलीत, खिडकीशेजारी, केसाएवढी एक भेग होती. तिच्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शकाला वापरतात तसली काचेची पट्टी आडवी चिकटवली. भिंत हलली तर काच आधी सांगेल. ही पद्धत मी स्वतः शेकडो वेळा वापरलेली. त्यांनी ती मला न विचारता वापरली, इतकंच.

दुसऱ्या हिवाळ्यात खिडकीच्या कट्ट्यावर लाल पूड दिसू लागली. थंडीने गोठलेल्या रात्रीनंतर अंगणात विटांचे पापुद्रे पडलेले असत, बिस्किटाचा वरचा थर निघावा तसे. सिमेंट जागेवर पक्कं आणि मधली वीट खाल्लेली. पाणी आत कोंडलं होतं, गोठून फुगत होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. एका दुपारी मी ईराच्या खोलीत मोबाइलवर बातम्या वाचत बसलो होतो. टक् असा आवाज झाला. मान वळवायच्या आधीच मला समजलं काय ते. काचेच्या पट्टीला मधोमध तडा गेला होता. मी उठलो आणि तिच्यावर खिडकीचा पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी कुंदाताईंनी पडदा सारला, पाहिलं, पुन्हा जागेवर नेला. दुपारी अंगणातून खर्र खर्र असा आवाज येऊ लागला. बागेतल्या स्टुलावर उभ्या राहून त्या लोखंडी उलथन्याने दरजांमधलं सिमेंट खरवडत होत्या. हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत. भिंतीला श्वास घेता यावा म्हणून. तो आवाज पुढे रोज यायचा. मी दुसऱ्या खोलीत टीव्ही लावायचो, तरी यायचा.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला मंडळी आली, त्यांनी हे दृश्य पाहिलं.

"काय कुंदाताई, भिंतीला थालीपीठ लावलंय का?"

"लावलं होतं कुणीतरी. करपलंय. काढतेय."

सगळ्यांनी टाळ्या दिल्या. आमच्याकडे बघून कुणीतरी कपाळाला बोट लावून फिरवलं.

त्यानंतर कुंदाताईंनी स्वतः फोन करून घरं तपासणाऱ्या एका सर्व्हेअरला बोलावलं. कोवळा, सभ्य मुलगा. त्यांनी त्यालाही श्वास रोखायला लावला, त्याने रोखला. मग मी इंजिनिअर आहे असं कळल्यावर तो मला अंगणात बाजूला घेऊन गेला. तुम्हाला काय वाटतं, विचारलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंदाताई उभ्या होत्या. आमचे ओठ हलताना त्यांना दिसत होते.

मी म्हणालो, भिंत तशी ठीक आहे. त्यांचं वय झालंय. त्या घाबरतात.

त्याने स्टुलाकडे पाहिलं, उलथन्याकडे पाहिलं आणि मान हलवली. वसंतात पुन्हा येईन म्हणाला.

रात्री जेवताना केदारने विचारलं, "बाबा, नक्की ना? ईराचा पलंग हलवायचा का?"

"नक्की," मी म्हणालो. पलंग हलवणं म्हणजे कबूल करणं होतं.

फेब्रुवारीतली दुपार. केदार आणि ऋता कामावर. सकाळपासून पश्चिमेचा वारा होता आणि धुराड्याच्या चार तोंडांतून चार वेगवेगळे सूर निघत होते. ईरा शाळेतून येऊन आपल्या खोलीत ठोकळ्यांचं घर बांधत होती, मी तिच्याजवळ बसलो होतो. पलीकडून हाक आली, "ईरा, थालीपीठ!"

"आय'म ग्रँड हिअर, कुंदाआजी!"

कुंदाताई दारात आल्या. वारा असला की त्या खोलीत त्या कधी पाऊल टाकत नसत; त्या दिवशी तडक आत आल्या, खाली वाकल्या आणि सगळे ठोकळे ओच्यात भरले. "माझ्या टेबलावर बांध घर. चल. तुम्हीपण उठा, अभ्यंकर."

"अहो, वारा आहे नुसता."

"असू दे. उठा."

मी उठलो. थालीपिठाचा वास सुटला होता म्हणून उठलो, असं नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे कुणीतरी उठ म्हणावं याची मी सकाळपासून वाट पाहत होतो.

स्वयंपाकघर पूर्वेला. ईरा टेबलावर ठोकळे मांडत होती. कुंदाताईंनी थालीपीठ उलटायला उलथनं शोधलं. ते बाहेर भिंतीपाशी राहिलं होतं. त्यांनी चमचा घेतला. मग चमचा तसाच धरून त्या थांबल्या.

"श्वास रोखा."

आम्ही रोखला. भिंतीच्या आत कुठेतरी पोत्यातून धान्य ओतावं तसा आवाज येत होता. तो थांबला. क्षणभर वाराही नव्हता. आणि मग जे झालं त्याचा आवाज मला आठवत नाही. तवा शेगडीवरून उडून खाली पडलेला आठवतो, आणि दाराच्या फटीतून जमिनीलगत आत येणारी लाल धूळ. ईरा मुठी आवळून, गाल फुगवून उभी होती. कुंदाताई तिसरा शब्द बोलल्या नाहीत. मीच तिला हलवून म्हणालो, "सोड, बाळा, सोड."

धुराडं, तिकोनी भिंत आणि छप्पर ईराच्या पलंगावर होतं.

अग्निशमन दलाच्या माणसाला अंगणातल्या ढिगाऱ्यात वाकलेलं उलथनं सापडलं. त्याने ते उचलून दाखवलं आणि तिथे किस्सा तयार झाला. तो कोवळा सर्व्हेअर पांढराफटक होऊन आला. भिंत वरून पडली होती. जिथे स्टुलावर चढूनही कुंदाताईंचा हात कधी पोचला नसता, तिथून. खालचा, त्यांनी खरवडलेला भाग अजून उभा होता. कुणाही इंजिनिअरला ते दिसलं असतं. सर्व्हेअरने मला विचारलं, त्या खरोखर दरजा खरवडत होत्या का? मी म्हणालो, हो, रोज. मी एक अक्षरही खोटं बोललो नाही. कुंदाताई चार पावलांवर ब्लँकेट गुंडाळून, ईराचा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

घराला सील लागलं. आम्हाला केदारच्या एका सहकाऱ्याने डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनला आसरा दिला. डेक्लनच्या पुतण्याने कुंदाताईंची सोय ड्रोहेडातल्या एका वृद्धाश्रमात केली. 'आता एकटीवर सोडणं बरं नाही,' असं सगळ्यांचं मत पडलं.

मी एकदाच भेटायला गेलो. बसमध्ये सगळी वाक्यं पाठ करून. इमारत नवी, भिंती पुठ्ठ्यासारख्या जिप्समच्या. कुंदाताईंची खुर्ची खोलीच्या मध्यभागी. टेबलावर ती तीन बोटांची वीट.

"या, अभ्यंकर. इथे टेकलात तरी चालेल."

"कुंदाताई, ते सिमेंट..."

"ईरा कशी आहे?"

"बरी आहे. वारा सुटला की पांघरुणात शिरते."

"मीही शिरते," त्या म्हणाल्या.

"मी त्या मुलाला अंगणात काय सांगितलं ते तुम्हाला..."

"दिसलं मला खिडकीतून. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरला होतात. यंत्राखाली झोपवलेली माणसं तशी दिसायची. आयुष्य गेलं माझं ती बघण्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? इथे राहू नका म्हणणार? ती पोर कुठे गेली असती?"

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. कुंदाताईंनी टेबलावरची वीट जवळ ओढली. "मला वेडी म्हणतात ते म्हणू देत. पण मी तिला पाडलं असं म्हणतात, ते नको. मी फार जपलं हो तिला. तुम्हाला माहीत आहे. तेवढं सांगा कुणाला तरी."

"सांगतो," मी म्हणालो.

निरोप घेऊन उठलो तेव्हा त्याही उठल्या. माझ्या आधाराशिवाय भिंतीपाशी गेल्या, तिला हाताची मागची बाजू लावली, मग बोट वाकवलं.

"श्वास रोखा."

मी रोखला. त्यांनी दोनदा ठोकलं. त्या भिंतीत ऐकण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या कान लावून, डोळे मिटून ऐकत राहिल्या. खिडकीबाहेरची झाडं पूर्वेकडे वाकत होती. वारा पश्चिमेचा होता. मी गालात हवा धरून दारात उभा होतो आणि त्या काही म्हणतील म्हणून थांबलो होतो.